गुडघ्याचं ऑपरेशन आणि खडाखडीची शाळा

गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे हाडं बांधून ठेवणारी आतली दोरी, तुटल्यावर तुझी कुस्ती सुधारेल असं त्यावेळी कुणी म्हणालं असतं तर त्याला मी तसाच हौद्यात, म्हणजे तालमीच्या मातीत, ओढला असता, एका पायावर का होईना. पण झालं तसंच. आता परत खेळायला लागून एक सीझन होऊन गेला, आणि तालमीतली पोरं, शेजारच्या गावचे पैलवान, अगदी फौंड्रीतले लोक पण विचारतात की ऑपरेशननंतर एवढे महिने केलंस तरी काय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. गुडघ्याचं डॉक्टर सांगतीलच, मी जास्त करून कुस्तीचंच सांगणार आहे.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, उचगावच्या बाजूला. सकाळी तालीम, दिवसा उद्यमबागेत मशीन शॉपला काम, संध्याकाळी परत तालीम. मोठा पैलवान वगैरे नव्हे मी, यात्रेच्या मैदानात मधल्या जोड्यांत नाव असतंय एवढंच. पण आमचा भागच कुस्तीवेडा. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, घडले कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत, १९५९ साली हिंदकेसरी झाले, आणि तेव्हापासून इकडच्या निम्म्या बापांना वाटतंय आपलं पण पोरगं कोल्हापूरला ठेवावं. मी पण थोडे दिवस राहून आलोय तिकडं.

माझा डाव म्हणजे पट, खाली घुसून समोरच्याचे पाय धरून पाडायचं. एका पायाचा एकेरी किंवा दोन्हींचा दुहेरी, पण पटच. सलामी झाली की दोन पावलं इकडं तिकडं आणि घुसलो खाली. डाव मारायच्या आधीची हातांची खडाखडी म्हणजे मला टाइमपास वाटायचा, मानेवर हात मारत गोल गोल फिरायचं, पब्लिक पण ओरडतंय "अरे कुस्ती करा की गा", मग कशाला उगाच. वस्ताद सांगायचे हात वापर, हात वापर, मी हो म्हणायचो आणि परत पटात घुसायचो, कारण पट लागत होता आणि लागणारा डाव कोण सोडतंय.

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्याकडं पाऊस लागला की लागतोच, हौद्यातली माती ओल धरते, कितीही उकरली तरी जड राहते. संध्याकाळची लढत चालली होती, मी पटात घुसलो, जोडीदारानं वरून छाती टाकली, माझा उजवा पाय मातीत रुतलेला तसाच राहिला आणि कमरेपासून वरचं अंग फिरलं. टक् असा आवाज आला, कडेला जोर मारणाऱ्या पोरानं पण ऐकला. दुखलं म्हणजे फार नाही दुखलं खरं तर, उठून चार पावलं चाललो पण. पण गुडघा आपला वाटेना. रात्री जेवायच्या वेळेपर्यंत फुगून मांडीएवढा.

चुलत्यांनी हाडवैद्याकडे नेलं. लोक त्यांना नावं ठेवतात पण या माणसानं गुडघा हातात धरून नडगी जरा पुढं ओढून बघितली आणि म्हणाला हे माझं काम नव्हे, आतली दोरी गेलेली दिसते, फोटो काढून घ्या. बेळगावातच एमआरआय काढला. एसीएल पूर्ण तुटलेलं, हाडांमधली गादी कडेला थोडी फाटलेली. मिरजेला न्या म्हणणारे दहा जण भेटले, कोल्हापूरला न्या म्हणणारे वीस, शेवटी इथंच ऑपरेशन करायचं ठरलं कारण नंतर फिजिओला रोज कोण मिरजेला जाणार.

डॉक्टरांनी एक गोष्ट चांगली सांगितली जी मला माहीत नव्हती. फुगलेल्या, न वाकणाऱ्या गुडघ्यावर लगेच ऑपरेशन करायचं नाही म्हणे, आधी सूज उतरवायची, पाय पूर्ण सरळ व्हायला पाहिजे, मांडीत जोर आला पाहिजे, नाहीतर नंतर गुडघा आखडून बसतो. त्यामुळं ऑपरेशनच्या आधीच काही आठवडे व्यायाम. आणि नंतर मांडीच्या मागच्या बाजूचं टेंडन काढून त्याचीच नवीन दोरी करून आत घातली. खेळात परत कधी विचारलं तर नऊ महिन्यांच्या आधी विषयच काढू नको म्हणाले.

नऊ महिने ऐकल्यावर तालमीत जो तो डॉक्टर झाला. एकजण म्हणाला बजरंग पुनिया बघ, टोकियोच्या आधी रशियात गुडघा दुखावला आणि ब्राँझच्या लढतीला पट्टी काढून उतरला. अरे बाबा, त्याचा गुडघा वेगळा, त्याची दुखापत वेगळी, ऑलिम्पिकचं मेडल वेगळं आणि आपल्या यात्रेतली मधली जोड वेगळी. मी आपला विनेश फोगटचं उदाहरण द्यायचो, २०१६ ला रिओत क्वार्टर फायनलला गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं, आणि २०१८ च्या एशियन गेम्सला गोल्ड. म्हणजे वेळ घेऊन पण माणूस येतंय परत.

ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे कुस्तीचे नव्हतेच. टाचेखाली टॉवेलची घडी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा, एवढाच व्यायाम. ऐकायला काहीच नाही. पण मांडीवर बोटं ठेवून मी दाबतोय, दाबतोय, आणि गुडघ्याच्या वरचा आतल्या बाजूचा स्नायू हलतच नाही, मेल्यासारखा पडलाय. वर्षानुवर्षं बैठका मारलेली मांडी, आणि तिला सांगितलेलं ऐकू येत नव्हतं. फिजिओच्या मॅडम कन्नड, मराठी बोलायच्या पण मी दात खाऊन जोर लावायला लागलो की "निधाना, निधाना पैलवान", म्हणजे सावकाश, म्हणून थांबवायच्या. त्यांचं म्हणणं गुडघ्यात सूज असली की मेंदूच त्या स्नायूला बंद करून ठेवतो, तिथं जोर लावून उपयोग नाही, थोडं थोडं पण दिवसातून बऱ्याच वेळा करायचं. खरंच एक दिवस बोटाखाली जरासं थरथरलं. आईला हाक मारून दाखवलं मी, ती म्हणाली बरं झालं, आता चहा घे.

बैठका बंद. सपाट्या बंद. खुराक अर्ध्यावर आणला, कारण मेहनत नाही आणि तूप बदाम चालूच ठेवलं तर पैलवानाचा म्हसोबा व्हायला वेळ लागत नाही. आणि वजन वाढलं की ते जाणार कुठं, त्याच गुडघ्यावर.

कुबड्या सुटल्यावर वस्ताद घरी आले. म्हणाले, "घरात बसून मोबाईल बघूलास त्यापेक्षा तालमीत येऊन बस की." त्यांनी हौद्याच्या कडेला एक लाकडी स्टूल ठेवलं, मागं भिंत, पुढं पाय लांब करायला दुसरा पाट, आणि पोरांना सांगितलं की या बाजूला कुणी कुस्ती आणली तर बघा. खरी सुरुवात तिथून झाली.

पहिल्यांदा नुसतं बघत बसायचो आणि चरफडायचो. मग कंटाळा आला म्हणून वहीत लिहायला लागलो. कोण कुणाबरोबर, पहिली पकड कुणाची, पुढचा पाय कुठला, डाव कशावरून लागला. डाव लिहिणं सोपं, ढाक, घुटना, टांग, पोकळ घिस्सा, ते सगळ्यांना दिसतंय. पण डावाच्या आधी काय झालं ते लिहायला बसलो तेव्हा कळलं की मला ते दिसतच नाही. आतापर्यंत मी हौद्यात असायचो, तिथून समोरच्याचे पायच दिसायचे मला, कारण मला पायच पाहिजे असायचे.

थोड्या दिवसांनी दिसायला लागलं. आमच्यात एक दांडगा गडी आहे, त्याला मी कधी धड पाडलेला नाही. तो मानेवर हात टाकून खेचायला लागला की त्याचं उजवं कोपर बरगडीपासून सुटतंय, एक वीतभर, प्रत्येक वेळी. त्या फटीतून डोकं घातलं की बगल डूब होते आणि त्याची पाठ आपल्या हातात. एवढी वर्षं त्याच्याशी खेळतोय आणि मला हे माहीत नाही. दुसरा एक पटात घुसायच्या आधी एकदा खाली बघतो, नजर जाते पायावर आणि मगच अंग जातं. आणि जोडीतला जो आधी मनगट आतून धरतो त्याचा डाव जास्त वेळा लागतो, हे तर वहीची पानं उलटली की सरळ दिसत होतं. ज्याला मी टाइमपास म्हणत होतो त्या खडाखडीतच निम्मी कुस्ती होऊन जात होती आणि पब्लिकला नंतरचा धप्प आवाज ऐकू येत होता.

मग हातांचं काम चालू केलं. मॅडमना आधी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला की मी स्टुलावर बसणार आणि समोर दुसरा बसणार, फक्त मनगटं, कोपरं आणि मान. त्यांनी दोनदा बघितला, म्हणाल्या पाय जमिनीला लावून अंग फिरवायचं नाही, उठायचं नाही, बाकी हातांचं काय पाहिजे ते कर. झालं. रोज संध्याकाळी कोण ना कोण समोर बसायचा. बसून खडाखडी केल्यावर एक मजा होते, पाय नसल्यामुळं मागं पळता येत नाही आणि जोरानं ढकलता पण येत नाही, त्यामुळं सगळी हुशारी हातात यायला लागते. मनगट वरून धरलं तर समोरचा अंगठ्याच्या बाजूनं सोडवून घेतो, आतून धरलं तर त्याला कोपर उचलावं लागतं, आणि कोपर उचललं की बगल उघडी. मान खेचायची तर दंडाच्या जोरानं खेचायची नाही, आपलं कोपर खाली सोडायचं आणि त्याला आपलं वजन वागवायला लावायचं, मिनिटभरात मान खाली येते. हे वस्तादांनी हजार वेळा सांगितलेलं, पण स्टुलावर बसेपर्यंत अंगात उतरलं नव्हतं.

बाकीची मेहनत पण हळूहळू शोधून काढली. बसून करेला, म्हणजे जड लाकडी मुद्गल, फिरवायचा, टॉवेल बांधून मानेचा व्यायाम, ओला पंचा पिळून पकड. जोर मारायला परवानगी मिळाली तेव्हा उजवा पाय डाव्यावर टाकून मारायचो. दोर चढायला मात्र वस्तादांनीच नाही म्हटलं, चढशील पण उतरताना एकदा तरी उडी मारशील म्हणाले, आणि ओळखतात मला.

दुसरा फायदा झाला बारक्या पोरांमुळं. वस्तादांनी बारा-तेरा वर्षांची पोरं माझ्याकडं सोपवली, तोंडानं शिकव म्हणाले. एका पोरानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "दादा, पटात घुसताना आधी हात जातोय की आधी आपण खाली बसायचं?" मला उत्तर येईना. मी दहा वर्षं पट काढतोय! उत्तर शोधायला माझ्याच जुन्या मैदानांचे व्हिडिओ बघितले, स्लो करून. माझा पट लागलाय तिथं गुडघे आधी वाकलेत, छाती समोरच्याच्या कमरेपर्यंत उतरलीये आणि मग हात गेलेत. नाही लागला तिथं हात आधी गेलेत, कमरेतून वाकून, आणि वरून छाती पडलीये. पोराला सांगितलं, त्याचा लागायला लागला.

त्याच दिवसांत विनेशची पॅरिसची लढत मी किती वेळा बघितली देव जाणे. २०२३ ला परत गुडघ्याचं ऑपरेशन आणि २०२४ ला पहिल्याच कुस्तीत समोर जपानची युई सुसाकी, जी तोपर्यंत आंतरराष्ट्रीय कुस्तीत हरलीच नव्हती. सहा मिनिटांची कुस्ती, आणि जवळजवळ सगळा वेळ विनेश हातांवर खेळली. पॅसिव्हिटीचे, म्हणजे आक्रमण न केल्याचे, दोन पॉइंट गेले तरी गडबड नाही, मनगटं सोडली नाहीत, सुसाकीला पायापर्यंत पोचूच दिलं नाही. शेवटचे काही सेकंद राहिले तेव्हा टेकडाउन करून खाली पाडलं, निकाल ३-२. आमच्या मैदानात असती तर पब्लिकनं चौथ्या मिनिटाला शिट्ट्या मारल्या असत्या.

सगळ्यात धोक्याचा काळ कुठला म्हणाल तर तिसरा महिना. चालता येतंय, सायकल मारता येतेय, दुखत काहीच नाही, तालमीतले म्हणायला लागतात की आता काय धाड भरलीये तुला, चल थोडं थोडं. आणि डॉक्टर सांगतात की नेमक्या याच दिवसांत आतली नवीन दोरी सगळ्यात कच्ची असते. घातलेलं टेंडन आधी मऊ पडतं, त्यात नवीन रक्तवाहिन्या जातात, आणि मग ते हळूहळू लिगामेंटसारखं होत जातं. म्हणजे गुडघा बाहेरून जेवढा बरा वाटतो तेवढा आत नसतो. हे मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तालमीच्या दारालाच लावलं होतं, कारण प्रत्येकाला वेगळं सांगून तोंड दुखायला लागलं.

पळायला लागलो, मग पैतऱ्याचा विषय आला. माझा कायम उजवा पाय पुढं. फिजिओच्या हॉलमध्ये आरशासमोर पैतरा घेतला की उजव्या पायावर वजन द्यायला अंग नको म्हणायचं, मागं मागं झुकायचं. मग म्हटलं सध्या डावा पुढं ठेवून बघू. पहिले काही दिवस डाव्या हातानं जेवल्यासारखं वाटलं. पण हातांचं काम स्टुलावर दोन्ही बाजूंनी केलेलं असल्यामुळं वरचं अंग लगेच जमलं, पायांना तेवढा वेळ लागला. आता मी दोन्ही पैतऱ्यांत उभा राहतो आणि हे समोरच्याला लई त्रास देतंय, कारण डाव्या पैतऱ्याच्या पैलवानाची सवय आपल्याकडं कमी.

हौद्यात परत उतरायचं कसं, हे मात्र कुठल्या चार्टवर नव्हतं. मॅडमच्या कागदावर पळणं होतं, उड्या होत्या, एका पायावर लांब उडी मारून दोन्ही पायांचं अंतर मोजायचं होतं आणि दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत तरी आला पाहिजे असं होतं. माझा पहिल्यांदा आला नाही, मग अजून काही आठवडे जिना आणि एका पायाच्या अर्ध्या बैठका. पण मातीचं काय? माती पाय धरून ठेवते, फरशी धरत नाही. मी त्यांना हे सांगितलं, त्यांनी हौद्याचे फोटो मागवले, आणि मग आम्ही दोघांनी मिळून क्रम ठरवला. पहिल्यांदा कोरड्या, नीट उकरलेल्या मातीत नुसतं चालायचं. मग पैतरा घेऊन सरकायचं. मग उभ्यानं खडाखडी, पण पायाला हात लावायचा नाही असा करार करून. मग मागून धरून कब्जा घेतलेल्या अवस्थेपासून सुरुवात, म्हणजे पडण्याचा प्रश्न कमी. आणि पावसात हौदा ओला असेल तर सुट्टी.

जोडीदार निवडताना पण डोकं चालवलं. सगळ्यांना वाटतं हलका, बारका पोरगा घ्यावा. अजिबात नाही. बारकं पोर उतावळं असतंय, कुठूनही येऊन पायात पडतंय, त्याला तुमच्या गुडघ्याचं काय पडलेलं नसतं. मी पहिले कित्येक दिवस आमच्या एका चाळिशीतल्या जड पैलवानाबरोबरच खेळलो. त्यांना आण्णा म्हणतो आम्ही. आण्णांचं वजन माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, पण ते कुठं जाणार आहेत हे आधीच कळतंय आणि माझा पाय अडकलाय दिसलं की स्वतःच सोडतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मनगट सोडवून घ्यायचा दोनदा प्रयत्न केला आणि थांबून म्हणाले, "काय गा, हे कधी शिकलास?"

दिवाळीनंतर मैदानं चालू झाली. मी थेट मोठ्या मैदानात नाही गेलो, जवळच्याच एका गावच्या यात्रेत बारकी जोड लावून घेतली. हलगी वाजायला लागली तेव्हा गुडघ्यापेक्षा पोटातच जास्त हललं. समोरचा खानापूर भागातला, दमदार, आल्या आल्या मानेवर हात. आधी मी असतो तर लगेच खाली घुसलो असतो. यावेळी मनगटं धरली आणि सोडलीच नाहीत. पाच मिनिटं झाली, पब्लिक ओरडायला लागलं, एक म्हातारा तर अगदी कडेला येऊन मला उद्देशून काय काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग त्याचं कोपर सुटलं. बगलेतून डोकं घालून मागं गेलो, कब्जा घेतला, चीत करायला घिस्सा मारला पण तो पोटावर पडून राहिला, दोन वेळा उलटायला बघितलं, हलला नाही. वेळ संपली आणि पंचांनी बरोबरीत सोडवली. घरी येताना वस्ताद गाडीवर मागं बसून एवढंच म्हणाले की घिश्श्यात डावा हात उशिरा आला.

सध्याची परिस्थिती अशी आहे. गुडघा टेकून बसायला अजून बोचतंय, त्यामुळं खालच्या बाजूचं काम मागं राहिलंय, मोळीची पकड सोडवायला त्रास होतो. थंडीत सकाळी गुडघा गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून सायकलवरूनच तालमीला जातो. पट परत चालू केलाय, पूर्वीपेक्षा कमी काढतो पण काढला की जास्त लागतो, कारण आता हात आधी दार उघडून देतात. फक्त एक नवीनच घोळ झालाय. ज्या बारक्या पोरांना मी स्टुलावर बसून सगळं शिकवलं ती आता पंधरा वर्षांची होत आलीत, आणि माझं कोपर कधी सुटतंय याची वही त्यांच्यातल्या एकानं केलीये. परवा बगल डूब मारून माझ्या मागं गेला आणि वर विचारतो, "दादा, बरोबर आहे काय?"